जावयाचा ऑक्टोबर

उशी हवेतून गेली, दिव्याला चुकवून टीव्हीच्या पडद्यावर आपटली, आणि शैलजाताईंनी स्वयंपाकघरातूनच ओळखलं की जावई बाद झाला.

"काय झालं हो?" भाजी परतता परतता त्यांनी विचारलं.

"काय व्हायचंय, आई! तीन चेंडू, तिन्ही हुकले. उन्हाळ्यात हाच माणूस पार्किंगमधल्या गाड्यांवर चेंडू पाडत होता. आता बघा, हातात बॅट आहे की झाडू!"

"बाबा, पिलो इज नॉट अ बॉल," सोफ्यावरून अनीश म्हणाला.

सातासमुद्रापलीकडच्या ट्रॉयमधल्या त्या घरात जावई दोन होते. एक खरा. सिद्धेश, मूळचा अमरावतीचा, गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा, आणि बेसबॉलच्या नादाने अर्धा वेडा झालेला. दुसरा टीव्हीतला. त्याचं नाव मलोय. शहराच्या टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू. त्याला जावई हे नाव शैलजाताईंनी ठेवलं होतं. कारण तो मैदानात यायचा तोच मुळी पहिल्या दिवाळसणाला आल्यासारखा. आधी हातमोजे सोडायचे, मग बांधायचे. टोपी काढून आत बघायचं, जणू आत कुणी काही लिहून ठेवलंय. पायाने माती उकरायची. चाळीस हजार माणसं उभी राहून वाट बघताहेत, आणि हा अजून मातीच सारखी करतोय.

"बसा, जावईबापू, बसा," ताई टीव्हीला म्हणायच्या. "पाट मांडलाय, ताट वाढलंय, आता जेवा तरी!"

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तो जेवला, आणि चांगला पोटभर जेवला. पण ऑक्टोबरात प्लेऑफचे शेवटचे सामने सुरू झाले आणि जावयाची भूक मेली.

"हेच मला कळत नाही," सिद्धेश म्हणायचा. "सहा महिने, एकशे बासष्ट मॅच खेळायच्या. त्यात सगळ्यांच्या वर राहायचं. आणि मग पाच मॅचमध्ये सगळा निकाल! कालपर्यंत जे कुणाच्या खिजगणतीत नव्हते ते येऊन मारून जातात, आणि आपला हा राजा नुसता वारा घालतो. बसवा म्हणावं याला बाहेर."

"त्याला बोलू नका हं," ताई म्हणाल्या.

असं त्या नेहमीच म्हणत. बाकी सगळं शहर मलोयवर चिडलेलं, रेडिओवरची माणसं चिडलेली, आणि मिरजेहून आलेली ही एक बाई तेवढी त्याच्या बाजूने. घरच्यांना वाटे, म्हातारपणाची माया. पण कारण वेगळं होतं. मोठ्या दिवशी हात न चालणं म्हणजे काय, हे त्या घरात फक्त शैलजाताईंना ठाऊक होतं.

त्याची गोष्ट भोंडल्याची आहे.

आश्विन लागला, मेपलच्या झाडांनी हळदीकुंकू केलं, की ट्रॉय आणि आसपासच्या घराघरांतून भोंडले सुरू होत. पाटावर हत्ती, भोवती बायका-मुलींचा फेर, गाणी, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. ओळखल्याशिवाय खायला मिळत नाही. ताईंनी इथली म्हणून गाणीसुद्धा बांधली होती.

आश्विनाच्या उन्हात गं, मेपलचं पान लाल,
लेकीबाळी फेर धरती, हत्ती देतो ताल.

आणि ओळखण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरात शिरता शिरता त्यांना वास यायचा. कुणाच्या बोटांना हळद लागलीय, कुणाच्या ओट्यावर तांदळाचं पीठ सांडलंय, कोण नागपूरची, कोण नाशिकची, सगळा हिशेब डोक्यात. "काकू, तुम्ही प्लीज शेवटी बोला," पोरी हात जोडायच्या, "नाहीतर मजाच राहत नाही."

म्हणून तर इथे आल्या त्या पहिल्याच वर्षी, मराठी मंडळाच्या मोठ्या भोंडल्याच्या वेळी, त्या उत्साहाच्या भरात एक गोष्ट करून बसल्या. मिरजेहून कपड्यांत गुंडाळून आणलेला आपला पाट त्यांनी मंडळाला दिला आणि नियमही करून दिला. खिरापत ओळखायला प्रत्येकीला तीन संधी. जी ओळखेल तिच्या घरी पाट वर्षभर. कुणीच ओळखली नाही, तर आहे तिथेच राहील.

तो पाट त्यांच्या आईच्या हातचा होता. आईने त्यावर हत्ती रंगवलेला, एक सुळा लांब, एक आखूड. आणि डोळा कुंचल्याने काढलेला नव्हता. आईने अंगठा काळ्या रंगात बुडवून तिथे टेकवला होता. नीट पाहिलं तर त्या डोळ्यात अंगठ्याच्या रेषा दिसायच्या.

ताईंना काय, खात्रीच होती. पाट नावाला मंडळाचा. ओळखणार आपणच, तो घरी येणार आपल्याच.

मोठ्या भोंडल्याची खिरापत दरवर्षी सुचित्रा करायची. सुचित्रा पुण्याची, ताईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि पक्की. पहिल्या वर्षी ताईंनी सगळी जुनी पक्वान्नं संपवली आणि एमएस करणाऱ्या एका मुलीने कंटाळून "मॅगी" म्हटलं. डब्यात मॅगी होती. दुसऱ्या वर्षी ताईंनी शहाणपणा करून पास्ता, पिझ्झा, नाचोज म्हटलं आणि निघाले धपाटे. तिसऱ्या वर्षी दोन संधी हुकून शेवटचीच उरली. कडबोळी म्हणू की चकली, या घोळात त्या चकली म्हणाल्या. पाठोपाठ मंडळातली हर्षिता सहज "कडबोळी" म्हणाली आणि पाट काखेत घेऊन गेली.

घरगुती भोंडल्यांत वाघीण, आणि मोठ्या दिवशी हे असं.

पाट मात्र घरोघर हिंडत राहिला. एकीने त्यावर चहाचा कप ठेवला, तो गोल डाग अजून आहे. एकीने कुंडी ठेवली. हर्षिताच्या लहानग्याने हत्तीच्या पाठीवर बेसबॉलचं स्टिकर चिकटवलं. दरवर्षी ताई तो पाट बघत, बोटाने डोळा पुसत, आणि कुणाला काही बोलत नसत.

आणि आता हर्षिता निघाली होती. नवऱ्याची बदली झाली होती, दिवाळीनंतर सगळे बेलव्ह्यूला. यंदा कुणी ओळखलं नाही तर नियमाप्रमाणे पाट तिच्या सामानातून पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी.

"आई, तू सरळ माग ना," राधिका म्हणाली. "हर्षिता आत्ताच्या आत्ता आणून देईल."

"मी केलेला नियम मीच मोडू?"

"अगं, आजीची आठवण आहे ती!"

"म्हणूनच. आईचा हत्ती भीक मागून आणलेला नको मला."

राधिकाने हात टेकले. लेकीला आईचा हा स्वर माहीत होता.

त्या रात्री मलोयची टीम मॅच हरली. मालिका दोन-दोन अशी बरोबरीत आली. पाचवी, शेवटची मॅच शनिवारी दुपारी. आणि शनिवारी दुपारीच मोठा भोंडला.

"अरे बाप्पा," सिद्धेशने कपाळाला हात लावला. मग नेहमीप्रमाणे फडताळातून एक डबा काढला, कानाशी नेऊन हलवला, "शेव. तळाला आलीय," असं म्हणाला आणि मग उघडला. ही त्याची सवय ताईंना मुळीच आवडत नसे. सरळ उघडावा की माणसाने डबा!

"अनीश," ताईंनी नातवाला जवळ बोलावलं, "हा मलोय चुकतो कुठे, ते सांग बघू मला."

"आजी, बॉल इतका फास्ट येतो ना, की बघून मारायला टाइमच नसतो. ही हॅज टू गेस. आधीच ठरवावं लागतं, कोणता बॉल येणार."

"म्हणजे खिरापत ओळखायची!"

"काइंड ऑफ. पण बॉल टाकणाऱ्या पिचरला पण माहितीये ना, की मलोय काय गेस करणार. सो ही शोज हिम वन थिंग अँड थ्रोज अनदर."

ताईंनी भाजीचा डाव बॅटसारखा फिरवून पाहिला.

शुक्रवारी संध्याकाळी त्या राधिकाबरोबर इंडियन ग्रोसरीत गेल्या. मेथी निवडता निवडता त्यांनी मान वर केली आणि पलीकडच्या रांगेत सुचित्रा दिसली. ताई लगेच मेथीच्या जुडीआड झाल्या. सुचित्राच्या ढकलगाडीत खवा. खसखस. बारीक रवा.

"साटोऱ्या," ताई कुजबुजल्या. त्यांच्या डोळ्यांत आश्विनातलं चांदणं उतरलं. "राधिका, साटोऱ्या गं!"

घरी आल्यावर अनीशलाही सांगून झालं. तो म्हणाला, "आजी, मेबी शी वॉन्टेड यू टू सी."

"चल, काहीतरीच तुझं. ती काय पिचर आहे?"

शनिवारी शाळेच्या जिममध्ये सगळा रंगांचा बाजार भरला. नऊवाऱ्या, सहावाऱ्या, जीन्सवर नथी. मधोमध हत्ती, पाठीवर स्टिकर घेऊन, आईच्या अंगठ्याच्या डोळ्याने बघत. बाहेर कॉरिडॉरमध्ये पुरुषमंडळींनी घडीच्या टेबलावर सिद्धेशचा लॅपटॉप मांडला होता. आत गाणं, बाहेर मॅच. मधल्या दारातून दोन्हीकडचा आवाज एकमेकांत मिसळत होता.

फेर सुटला. सुचित्राने डबा आणला. मोठा, पत्र्याचा, वरून फॉइल लावून चिकटपट्टीने बंद केलेला.

"वास घ्यायचा नाही हं कुणी," ती ताईंकडे बघून म्हणाली.

"वास कशाला लागतो?" ताई म्हणाल्या. आज त्यांना थांबवेना. "साटोऱ्या!"

"नाऽऽही!"

सुचित्रा गालात हसली. "काल दुकानात मला बघितलंत वाटतं, ताई? मेथीच्या मागून?"

फेरभर हशा पिकला. ताईंचे कान गरम झाले. म्हणजे पोराने सांगितलं तेच खरं. एक दाखवलं, दुसरं टाकलं.

"मग खव्याच्या पोळ्या," त्या घाईने बोलून गेल्या, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की हेही दाखवलेल्यातलंच.

"नाऽऽही!"

दोन संधी गेल्या. बाकीच्यांची करंजीपासून कपकेकपर्यंत सगळी नावं घेऊन झाली. एकेकीच्या तिन्ही संपल्या. हर्षितानेही मुद्दाम काहीबाही सांगून आपल्या संपवल्या. ती ताईंकडे बघत होती, आणि तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण ताईंनी नजर काढून घेतली. आता राहिली एकच संधी, ताईंची.

"जरा पाणी पिऊन येते," त्या म्हणाल्या.

"टाइम आउट!" कुणीतरी ओरडलं.

कॉरिडॉरमध्ये पाण्याचा नळ होता आणि नळाशेजारी बारा-पंधरा पुरुष एका लॅपटॉपवर वाकलेले. श्वास घेत नव्हतं कुणी. ताईंनी खांद्यांमधून डोकावून पाहिलं. शेवटची, नववी इनिंग. बरोबरीत अडकलेली. आपला एक खेळाडू दुसऱ्या बेसवर, म्हणजे दुसऱ्या थांब्यावर उभा, आणि बॅट घेऊन येतोय जावई.

"झालं," सुचित्राचा नवरा विनय म्हणाला. "संपलं आता."

मलोयने हातमोजे सोडले, बांधले. टोपीत बघितलं. माती उकरली. पहिला चेंडू आला, थोडा बाहेर. मलोयचा खांदा हलला आणि थांबला. दुसरा आला, त्याहून मोहाचा. तो थांबला. तिसऱ्याला तर तो चक्क हसला. मागे बसलेल्या कॅचरला काहीतरी बोललासुद्धा. अख्ख्या ऑक्टोबरात तो हसलेला ताईंनी पाहिला नव्हता. चौथाही त्याने सोडून दिला.

"हे काय!" विनय वैतागला. "मारलंच नाही की याने."

"नो, काका, इट्स अ वॉक!" अनीश उड्या मारत होता. "चार बाहेर गेले की फ्री मध्ये फर्स्ट बेस. त्याने हट्ट नाही केला, दॅट्स गुड! आता पुढचा मारेल."

"पुढचा कोण?"

"किंकेड," सिद्धेश म्हणाला. "कोण आहे हा ते मलाही नीट माहीत नाही. कुणीतरी जखमी झाला म्हणून मागच्या आठवड्यात आणलाय."

मलोय बॅट अलगद खाली ठेवून पहिल्या बेसकडे चालत गेला. नव्या माणसाकडे बघून त्याने एक टाळी वाजवली. एवढंच. जणू म्हणाला, घे बाबा, आता तुझं.

ताईंना वाटलं, कुणीतरी आपल्या खांद्यावरचं ओझं अलगद उतरवून घेतलं. आज आपल्याला जे जे सुचेल ते ते सुचित्राने आधीच ओळखून ठेवलंय. मग आपणच कशाला बॅट फिरवायची?

त्यांनी सिद्धेशचं मनगट धरलं.

"चला."

"कुठे?"

"आत. खिरापत ओळखायला."

"आत्ता? आई, नववी इनिंग आहे! सहा महिने थांबलोय मी या एका चेंडूसाठी!"

"तुमची मॅच लॅपटॉपात आहे. पळून जातेय थोडीच!"

"लाइव्ह आहे हो ती!"

पण सासूबाईंनी मनगट धरल्यावर माणूस काय करणार? तो मागे बघत बघत, दारात एकदा अडखळून, बायकांच्या फेरात येऊन उभा राहिला. एकच कल्ला झाला.

"अहो ताई, पुरुष कसे चालतील?" सुचित्रा म्हणाली.

"नियम मी केलाय. तीन संधी असं म्हटलं होतं मी. कुणाच्या तोंडून, ते कुठे म्हटलंय? माझी तिसरी मी जावयाला दिली."

"पण त्यांना भोंडल्यातलं काय कळतंय?"

"आमच्याकडे भोंडल्याऐवजी भुलाबाई असते," सिद्धेश पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. "मोठ्या बहिणीबरोबर जायचो मी. लहानपणी. खाऊसाठी. डबा हलवून ओळखायचा असतो आमच्यात."

ताईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. शेव, चिवडा, शंकरपाळे. कानाशी नेलेले सगळे डबे त्यांना एकदम आठवले. डब्यांवर कान आहे याचा, एवढंच त्या बघत आल्या होत्या. तो कान घडला कुठे, हे आज कळत होतं. त्यांनी डबा त्याच्या हातात दिला.

सिद्धेशने डोळे मिटले. त्याने डबा एकदा हलवला. पुन्हा, जरा हळू.

"कोरडं आहे," तो म्हणाला. "तळलेलं नाही, तळलेलं खणखणतं. हलकं आहे. पोकळ." पुन्हा एकदा हलवला. "एकात एक वाजतंय. बाहेरचं वेगळं, आतलं वेगळं..." आणि त्याचे डोळे उघडले. "अरे, हे तर मी सगळा उन्हाळा ऐकत होतो, स्टेडियममध्ये! शेंगा. भुईमुगाच्या शेंगा, भाजलेल्या, टरफलासकट. जाऊ मी आता?"

सुचित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी एवढी मोठी आरोळी उठली की भिंतीवरचं घड्याळ हललं असेल. क्षणभर सगळ्यांना वाटलं, खिरापत ओळखली म्हणूनच ती आरोळी. मग कळलं की ती कॉरिडॉरमधून येतेय.

"बाबा! किंकेड! ही डिड इट!" अनीश दारातून ओरडला. "वी वन!"

सिद्धेश डबा तसाच टाकून पळाला. पण चेंडू केव्हाच कुंपणापर्यंत जाऊन आला होता. दुसऱ्या बेसवरचा माणूस जिंकायची धाव घेऊन घरी पोचला होता. पुरुषमंडळी एकमेकांच्या गळ्यात पडली होती, आणि ज्याने सहा महिने वाट पाहिली तो मधोमध रिकाम्या हातांनी उभा होता.

"मिस केलं मी," तो म्हणाला. "मी मिस केलं, यार."

आत सुचित्राने फॉइल फाडलं. शेंगाच होत्या. डबाभर, खरपूस, साध्या. "तुम्ही पक्वान्नं शोधत बसणार, मला ठाऊक होतं, ताई," ती हसत म्हणाली. "खवा दाखवायला नेला होता खास. आता तो खवा मी कुठे घालू?"

"साटोऱ्या कर," ताई म्हणाल्या. "आणि मला बोलाव."

हर्षिताने पाट उचलून त्यांच्या हातांत दिला, आणि वाकून नमस्कार केला. "काकू, मी तुम्हाला तो तसाच देणार होते हो. राग येईल म्हणून बोलले नाही."

"आला असता," ताई म्हणाल्या. "बरं झालं, बोलली नाहीस." आणि पाट एका हाताने सावरत त्यांनी तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी पाट घरी आला. टीव्हीखाली, मानाच्या जागी. राधिका ओल्या फडक्याने पुसायला बसली आणि स्टिकरच्या कडेला नख लावणार, तोच ताई म्हणाल्या, "राहू दे ते. त्याच्या पाठीवर शोभतंय." मग त्यांनी अंगठा त्या डोळ्यावर टेकवला. रेषांवर रेषा. आईचा अंगठा जरासा मोठाच होता.

सिद्धेश सोफ्यावर बसून तो एकच चेंडू पुन्हा पुन्हा बघत होता. ताई त्याच्या शेजारी बसल्या. शेंगांचा वाडगा मध्ये ठेवला.

"लावा बघू परत. मीही नाही पाहिला."

"तुमच्यामुळे गेला, आई, माझा लाइव्ह."

"हो. माझ्यामुळेच गेला. आणि तुमच्यामुळे माझी आई घरी आली." त्यांनी शेंग फोडून दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. तो दाणे खात राहिला.

"पाट आता परत द्यायचा नाही," थोड्या वेळाने तो म्हणाला. "मंडळाला मी दुसरा आणून देतो. सागवानी, एकदम मस्त."

"छे! फिरू दे त्याला. डाग पडले म्हणून हत्ती मरत नाही." ताई टीव्हीकडे बघत होत्या. "पण पुढच्या वर्षी खिरापत मी करणार. सुचित्राला ओळखू दे."

"काय करणार?" तिघांनी एकदम विचारलं.

"ते मी सांगते होय!"

पुढची मालिका मंगळवारी सुरू झाली. ताईंनी तोवर नवं गाणं बांधलं होतं आणि भांडी लावता लावता त्या ते घोळवत होत्या.

पहिला चेंडू सोडिला गं, दुसरा सोडिला,
तिसऱ्याला हसला बाई, चौथा सोडिला.
न मारता पोचला गं, जावई बेसावरी,
मारणारा मारून गेला, नाव याचं घरोघरी.

बाहेर टीव्हीत मलोयने हातमोजे बांधले, टोपीत बघितलं, माती उकरली, आणि तिन्ही चेंडू सरळ हुकवले. उशी उडाली. पण या वेळी ती पडद्याकडे न जाता आढ्याकडे गेली, कारण फेकता फेकता सिद्धेशला खालचा हत्ती आठवला होता.

"काय झालं हो?" ताईंनी आतून विचारलं.

"जावई उपाशीच उठला, आई."

"उठू दे. ताट झाकून ठेवा," ताई म्हणाल्या. "येईल परत."